जुन्या गोदामातला लॉफ्ट: आधी ओल, मग खिडक्या, मग आवाज

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. शहराच्या जुन्या मध्यवस्तीत, वारसा म्हणून जपलेल्या एका इमारतीत तुम्ही आलिशान लॉफ्ट घेताय. पूर्वीचं गोदाम. 12 बाय 8 मीटरचं एकच दालन, छताच्या फळ्यांपर्यंत उंची 4.5 मीटर, उघड्या विटांच्या भिंती, जाड लाकडी तुळया, बिडाचे खांब. दोन भिंती बाहेरच्या आणि त्यांत मिळून 30 चौरस मीटर जुन्या लोखंडी चौकटींच्या खिडक्या. वरच्या मजल्यावर दुसरं कुटुंब राहतं. सजावटकाराने तीन गोष्टी सुचवल्या आहेत: रस्त्याकडच्या भिंतीला आतून उष्णता रोखणारा फोम, बाकीच्या विटांना चमकदार सीलर (छिद्रं बुजवणारा लेप) आणि झोपायला पोटमाळा. पैसे यातल्या कशावर घालावेत, हे तुम्हाला हवंय.

माझं उत्तर असं आहे की फोम आणि सीलर दोन्ही रद्द करा, पोटमाळ्याचा पुन्हा विचार करा आणि ते पैसे खिडक्या, छत आणि तुळयांच्या टोकांवर लावा. ही इमारत मालासाठी बांधलेली आहे, माणसांसाठी नाही. कापसाच्या गठ्ठ्यांना आवाजाचा त्रास होत नव्हता, थंडी वाजत नव्हती आणि रात्री शेजाऱ्यांची पावलं ऐकू येत नव्हती. लॉफ्टचं जे रूप आपल्याला मोहात पाडतं, म्हणजे उंची, काच आणि उघडी वीट, तेच राहताना अडचणी करतं. सजावटीने त्या झाकता येतात, सुटत नाहीत.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. हिवाळा कडक असेल तर भिंतीतली वाफ आतून बाहेर जाते. हवा उष्ण-दमट असेल आणि घरात दिवसभर एसी चालत असेल तर ती बाहेरून आत येते. त्यामुळे एका हवामानात चालणारा उपाय दुसऱ्यात भिंत कुजवतो. दुसरं, इमारत खरी जुनी आहे की लॉफ्टसारखी दिसणारी नवी, ज्याला बाजारात सॉफ्ट लॉफ्ट म्हणतात? तिथे वीट म्हणजे बहुतेक काँक्रीटवर चिकटवलेली चकती असते, म्हणून ओलीबद्दल मी पुढे जे लिहितोय ते तिला लागू नाही. तुमच्या वर्णनावरून तुमची इमारत खरी जुनी दिसते, म्हणून तसंच धरून चालतो.

ओल आणि विटा

जुनं विटकाम बहुतेक चुन्यात केलेलं असतं. पाऊस पडला की भिंत थोडं पाणी पिते आणि ऊन पडलं की ते चुन्याच्या सांध्यांतून बाहेर टाकते. चमकदार सीलरची फिल्म आतल्या बाजूने हा रस्ता बंद करते. पाणी विटेत अडकतं, त्यातले क्षार फिल्मच्या मागे स्फटिक होतात आणि विटेचा वरचा पापुद्रा सोलून काढतात. एक-दोन वर्षांत फिल्मखाली पांढरे ढग दिसायला लागतात, मग लाल भुगा पडू लागतो. तिथून परत फिरणं फार अवघड असतं, कारण सीलर काढताना विटेची भाजलेली कातडीही जाते. विटा साफ करायला सँडब्लास्टिंग नको, तेही याच कारणासाठी. ती कातडी एकदा गेली की आतली वीट मऊ असते आणि ती आयुष्यभर भुगा सोडत राहते.

तुमची अडचण धूळ ही असेल तर मऊ नायलॉनच्या ब्रशने झाडा, लगेच व्हॅक्यूम करा आणि पातळ चुन्याचा हात किंवा वाफ आरपार जाऊ देणारा, मॅट पोटॅशियम सिलिकेटचा हात एका कोपऱ्यात लावून महिनाभर बघा. लोणा लागला असेल तर तो कोरडाच झाडायचा. पाण्याने धुतलात की क्षार विरघळून परत विटेत जातात आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा उगवतात.

भिंत बघताना वीट नको, सांधे बघा. खिळ्याने सांधा खरवडा. चुना असेल तर थोडा भुगा निघेल. खिळा नुसता घसरून करडी रेघ उमटली तर पूर्वी कुणीतरी सिमेंटने सांधे भरले आहेत. विटेपेक्षा कडक सांधा म्हणजे भिंत हलताना आणि सुकताना मार विटेला बसतो: सांधे उंचवट्यासारखे उभे राहतात आणि मधली वीट खपल्या टाकत आत जाते. असं बाहेरून दिसलं तर दुरुस्ती तुमच्या एकट्याच्या हातातली नाही, सगळ्या इमारतीची आहे. तिच्या देखभाल निधीत त्यासाठी पैसे आहेत का, हे खरेदीआधी विचारा.

आता सगळ्यात महत्त्वाची जागा: तुळईचं टोक, म्हणजे जिथे लाकूड बाहेरच्या भिंतीत शिरतं. मोबाइलचा दिवा भिंतीला चिकटवून तिरका प्रकाश टाका. तुळईच्या बाजूने काळपट कडा, चुन्याची पांढरी ओघळ, पिठासारखा भुगा किंवा तुळईवरच्या रंगाची फुगलेली पापडी, यांतलं काहीही दिसलं तर थांबा. मग दाभण घ्या आणि भिंतीलगत तुळईच्या खालच्या कडेला आडवं टोचा. चांगलं लाकूड दोन-तीन मिलिमीटरवर दाभण अडवतं आणि उचकटलं तर लांब कपची निघते. कुजलेल्यात ते सुरीसारखं शिरतं आणि तुकडा चौकोनी, ठिसूळ तुटतो. ओलावा मोजायचा असेल तर दोन सुयांचं मीटर वापरा आणि शक्य असेल तर लांब सुया, कारण वरचं लाकूड कोरडं दिसत असताना आतलं ओलं असू शकतं. 18 टक्क्यांच्या आत निश्चिंत राहा. 20 च्या वर असेल तर पाणी कुठून येतंय ते शोधा. बऱ्याचदा ते फुटलेल्या पन्हळीतून नाही, तर खिडकीच्या वरच्या लोखंडी पट्टीमागून येतं. हे सगळं जोरदार पाऊस होऊन गेल्यावर, दोन दिवसांत करा.

फोम का नको, याचं गणित

तुमच्या बाहेरच्या भिंती एकूण 90 चौरस मीटर. त्यातली 30 काच, म्हणजे 60 वीट. यू-मूल्य म्हणजे आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना एका चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता जाते तो आकडा. एकेरी काच आणि लोखंडी चौकट यांचं यू-मूल्य सुमारे 5.7 धरा आणि साडेचारशे मिलिमीटर जाड भरीव विटेचं 1.4. आत-बाहेर 20 अंशांचा फरक असेल तर काचेतून 30 गुणिले 5.7 गुणिले 20, म्हणजे सुमारे 3,400 वॅट जातात. विटेतून 60 गुणिले 1.4 गुणिले 20, जेमतेम 1,700. विटेच्या निम्म्या क्षेत्रफळाची काच दुप्पट उष्णता घालवते.

फोमने सगळ्या विटेचं यू-मूल्य 0.5 पर्यंत आणलं तरी तुम्ही 1,100 वॅट वाचवता आणि त्या बदल्यात वीट थंड आणि ओली ठेवता. घरातली उबदार हवा फोमच्या फटीतून मागे गेली की थंड विटेवर तिचं पाणी होतं, आणि ते पाणी पहिल्यांदा गाठतं तुळईचं टोक. उष्ण-दमट हवेत हेच उलट्या दिशेने घडतं: बाहेरची वाफ आत येते आणि एसीने गार झालेल्या फोमवर किंवा विनाइल वॉलपेपरवर अडते.

खिडक्यांच्या आत दुसरी खिडकी बसवली तर काचेचं यू-मूल्य 2.9 च्या आसपास येतं. वाचतात 1,700 वॅट, वीट जशीच्या तशी राहते आणि आवाजही कमी होतो. वारसा इमारतीत बाहेरची खिडकी बदलायला परवानगी सहसा मिळत नाही. आतली दुसरी खिडकी मात्र बहुतेक ठिकाणी चालते, कारण ती काढता येते आणि रस्त्यावरून इमारतीचं रूप बदलत नाही. तरीही आधी विचारून घ्या.

बसवताना दोन गोष्टी नेमक्या हव्यात. आतल्या खिडकीला चारही बाजूंनी घट्ट रबरी पट्टी हवी आणि बाहेरच्या जुन्या खिडकीत थोडी फट राहू द्यायला हवी. उलटं केलंत तर घरातली वाफ मधल्या पोकळीत शिरून बाहेरच्या काचेवर थिजते आणि लोखंडी चौकट गंजते. दुसरं म्हणजे अंतर. नुसती उष्णता रोखायची तर 20 मिलिमीटर पुरतात. तुम्ही मध्यवस्तीत राहणार, खाली रात्रीचा वावर असणार. बसचं इंजिन आणि संगीताचा ठोका हे खालच्या पट्टीतले आवाज अडवायला दोन काचांमध्ये 100 ते 150 मिलिमीटर हवेत, आतली काच 6.4 मिलिमीटरची लॅमिनेटेड (मध्ये प्लास्टिकचा थर असलेली) आणि पोकळीच्या कडांना आवाज शोषणारी पट्टी. बाजारातली 12 मिलिमीटर फटीची जोडकाच उष्णतेला चांगली आहे, ठोक्याला नाही. म्हणून जागा बघायला आठवड्याच्या अखेरीस रात्री अकरानंतर एकदा जाच.

पश्चिमेकडे काच असेल आणि उन्हाचा त्रास असेल तर फिल्म लावण्याआधी काच तपासा. तारेची जाळी असलेल्या जुन्या काचेला उष्णता शोषणारी फिल्म लावली की ती काठावरून तडकते. तिथे आतल्या बाजूला फिकट रंगाचा, काचेलगत उतरणारा पडदा बरा.

इतकं करूनही भिंत थंड लागत असेल, तर वाफ जाऊ देणारा बोर्ड वापरा: लाकडी तंतूंचा किंवा कॅल्शियम सिलिकेटचा, 40 ते 60 मिलिमीटर, भिंतीला पूर्ण चिकटवून, वर चुन्याचा गिलावा. मागे पोकळी नको. तुळईच्या टोकांभोवती ओलावा मोजायला जागा मोकळी ठेवा.

घुमणारा आवाज

लॉफ्टमध्ये राहणाऱ्यांची पहिली तक्रार थंडीची नसते. जेवणाच्या टेबलावर सहा माणसं बसली की कुणाचंच बोलणं कळत नाही, ही असते. हेही मोजता येतं. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबाइन यांनी हार्वर्डमध्ये 1890 च्या दशकात यासाठी सूत्र बसवलं: घुमण्याचा काळ म्हणजे 0.161 गुणिले खोलीचं घनफळ, भागिले एकूण शोषण. शोषण म्हणजे प्रत्येक पृष्ठभागाचं क्षेत्रफळ गुणिले तो आवाजाचा किती भाग गिळतो तो आकडा, आणि या सगळ्यांची बेरीज. तुमचं घनफळ 432 घनमीटर. विटा 0.03, लाकडी जमीन 0.08, फळ्यांचं छत 0.1, काचही साधारण 0.1 धरली तर रिकाम्या दालनाचं एकूण शोषण 25 च्या आसपास येतं आणि आवाज विरायला पावणेतीन सेकंद लागतात. निवांत बोलायला तो काळ एक सेकंदाच्या जवळपास हवा, म्हणजे शोषण 65 ते 70.

जाड, भरपूर चुण्यांचे 20 चौरस मीटर पडदे सुमारे 10 देतात, खाली जाड अस्तर असलेला 20 चौरस मीटर गालिचा 6, कापडी सोफा, गादी आणि पुस्तकांची मांडणी मिळून आणखी चार-पाच. हे झाले 20. उरलेले 20 छतातून आणायचे: तुळयांच्या मधल्या कप्प्यांत, फळ्यांच्या खाली, 50 मिलिमीटर खनिज लोकरीचे कापडात गुंडाळलेले पॅनल, एकूण 25 चौरस मीटर. छताचा फक्त चौथा हिस्सा झाकला जातो आणि तुळया पूर्ण दिसतात. पॅनल जेवणाच्या आणि बसण्याच्या जागेवर घाला, दारावर नको. अंडी ठेवायच्या ट्रेसारखा पातळ फोम घेऊ नका. तो फक्त वरच्या पट्टीतले सी-सू आवाज शोषतो, माणसाच्या आवाजाला पुरत नाही आणि आग लागली तर घातक आहे.

वरच्या कुटुंबाची पावलं ही वेगळी गोष्ट. या पॅनलनी ती कमी होणार नाहीत. जुन्या गोदामात बहुतेक वेळा तुमचं छत हीच त्यांची जमीन असते: जाड फळ्या, मध्ये काहीच नाही. ठोका जिथे पडतो तिथेच अडवावा लागतो, म्हणजे त्यांच्या फरशीखाली लवचीक अस्तर. तुमच्या बाजूने करायचं तर स्प्रिंगच्या हँगरवर दुहेरी जिप्सम बोर्ड टांगावा लागतो, त्यात 150 ते 200 मिलिमीटर उंची जाते आणि तुळया झाकल्या जातात. मी आधी वरच्यांशी बोलायला सांगेन. त्यांच्या अस्तराचा खर्च तुम्ही वाटून घेतलात तरी तो तुमच्या टांगलेल्या छतापेक्षा सहसा कमी पडतो. फळ्यांमधल्या आणि पाइपांभोवतीच्या फटी मात्र आग रोखणाऱ्या सीलंटने लगेच भरा. जाड तुळई आगीत मिनिटाला पाऊण मिलिमीटरच्या आसपास जळते, म्हणून ती टिकते. धूर येतो तो फटींतून, आणि त्याच फटींतून वरच्यांचं बोलणंही येतं.

पोटमाळा

4.5 मीटर ऐकायला भरपूर वाटतात. त्यातून 300 मिलिमीटरची तुळई वजा करा, पोटमाळ्याची जाडी 200 ते 250. खाली ताठ उभं राहायला 2.1 मीटर दिले तर वर तुळईखाली 1.85 ते 1.9 मीटरच उरतात. अमेरिकेत प्रचलित असलेल्या इंटरनॅशनल बिल्डिंग कोडमध्ये पोटमाळ्याच्या वर आणि खाली प्रत्येकी 7 फूट मोकळे लागतात आणि त्याचं क्षेत्रफळ साधारणपणे खालच्या दालनाच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त चालत नाही. तुमच्याकडचा नियम कोणता ते बघा, पण उंचीच्या बाबतीत तुम्ही सगळीकडे काठावरच आहात. शिवाय गरम हवा वर साठते. रात्री वर झोपणाऱ्याला खालच्यापेक्षा तीन-चार अंश जास्त उकडतं आणि स्वयंपाकाचा वास, भांड्यांचा आवाज, दिवा, सगळं वर जातं.

घरातल्या दोघांच्या झोपेच्या वेळा वेगळ्या असतील तर पोटमाळा नकोच. खिडकीच्या एका गाळ्यापाशी, छतापर्यंत न नेता 2.4 मीटर उंचीवर स्वतःचं छत असलेली, काचेच्या दाराची बंद खोली करा. तिच्यावरची जागा सामानाला. झोपायच्या खोलीला उघडणारी खिडकी हवीच. मधल्या अंधाऱ्या भागात कपाटं आणि न्हाणीघर.

पोटमाळा केलाच, तर 20 चौरस मीटरचा भार स्वतःच्या वजनासह साधारण 5,200 किलो होतो. चार पायांवर टेकवला तर एकेका पायाखाली 1,300. हे पाय नेमके खालच्या तुळईवर यायला हवेत, दोन तुळयांमधल्या फळीवर नाही. गोदामाची जमीन पसरलेल्या मालासाठी बांधलेली असते, साधारण 600 किलो प्रति चौरस मीटर किंवा अधिक, म्हणून भरलेला टब तिला जड नाही: बिडाचा टब, 200 लिटर पाणी आणि माणूस मिळून 425 किलो, सव्वा चौरस मीटर जागेवर. एकाच बिंदूवर टेकलेलं वजन तिला जड जातं. बिडाच्या खांबाला वेल्डिंग करू नका आणि भोकही पाडू नका. बीड दाबाला बळकट, पण ताणाला ठिसूळ असतं. कंस (ब्रॅकेट) बसवायचा तर खांबाभोवती आवळणारा पट्टा करा. आणि अभियंत्याला विचारल्याशिवाय तुळईच्या खालच्या कडेला खाच मारू देऊ नका. पूर्वीच्या कुणी मारली असेल तर ती तुळईच्या मध्याजवळ आहे का, हे त्याला दाखवा.

न्हाणीघराची जागा

सांडपाण्याचा उभा पाइप जिथे आहे त्याच्या जवळच राहा. 50 मिलिमीटरच्या आडव्या पाइपाला 1:50 उतार धरला तर पाच मीटरला 100 मिलिमीटर जातात. त्यासाठी जमीन चढवावी लागते आणि मग दारात पायरी येते. वायरिंगला फार डोकं लावू नका: भिंत न खोदता उघडा लोखंडी कंड्यूट (वायरींची नळी), तोही विटेत भोक न पाडता, सांध्यांत बसवलेल्या अँकरवर.

सही करण्याआधी

राहण्यासाठी वापराची परवानगी आहे ना, हा कागद स्वतः डोळ्यांखालून घाला. न्यूयॉर्कच्या सोहोमध्ये 1960 च्या दशकात कलाकार रिकाम्या कारखान्यांत राहायला गेले. 1971 मध्ये तिथल्या नियोजन नियमांनी कलाकारांना मुभा दिली, 1973 मध्ये बिडाच्या दर्शनी भागांचा तो परिसर वारसा ठरला. तरीही शहरातल्या इतर बऱ्याच लॉफ्टमधली वस्ती बेकायदाच होती आणि ती नियमित करून सुरक्षिततेच्या अटींत बसवायला 1982 मध्ये राज्याला वेगळा कायदा करावा लागला. मधल्या काळात तिथल्या भाडेकरूंना धड संरक्षण नव्हतं.

त्याहून गंभीर म्हणजे इमारतीत पूर्वी काय चालायचं. न्यू जर्सीत होबोकेनमध्ये पाऱ्याच्या दिव्यांचा जुना कारखाना 1990 च्या दशकात लॉफ्ट घरांमध्ये बदलला गेला. फळ्यांखाली पाऱ्याचे थेंब सापडले आणि 1996 मध्ये रहिवाशांना घरं सोडावी लागली. म्हणून विकणाऱ्याकडून आतापर्यंतच्या सगळ्या वापरांची यादी लेखी मागा. छपाई, कातडी, धातूकाम, दिवे किंवा रसायनं यांतलं काही असेल तर फळ्यांखालच्या धुळीची आणि आतल्या हवेची तपासणी करून घ्या. तुळयांवरच्या आणि लोखंडी खिडक्यांवरच्या जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता मोठी आहे, पाइपांच्या जुन्या वेष्टनात अ‍ॅस्बेस्टॉसची. तपासणीचा निकाल हातात येईपर्यंत कुणालाही कोरडा पॉलिश पेपर लावू देऊ नका. जमीन घासायची असेल तर तेल मुरलेल्या फळ्यांवर आधी हातभर जागेत वार्निश लावून आठवडाभर बघा. तेलावर वार्निश धरत नाही, नखाने सोलून निघतं, आणि मग ती जमीन फक्त मेण-तेलाच्या लेपावरच ठेवावी लागते.